मोटारीच्या काचेतून दिसलेला रस्ता



आजचा विषय सांगितला तेव्हा आमच्या घरी हशा पिकला. लढाया, तह आणि सेनापती यांवर बोलणारा माणूस एकदम सायकलीवर कसा उतरला, असं सौ.नं विचारलं. उत्तर सोपं आहे. जागेवरून होणारी भांडणं हा इतिहासाचा सगळ्यात जुना विषय, आणि शहरात जागा म्हणजे रस्ता. शिवाय या भांडणातल्या एका लहानशा चकमकीत मी स्वतः होतो, तेही चुकीच्या बाजूला. ते आधी सांगून मोकळा होतो.

२००८ साली माझी नेमणूक दिल्लीत होती. सरकारी निवासस्थान मिळेपर्यंत आम्ही दक्षिण दिल्लीत भाड्यानं राहत होतो आणि मी रोज स्वतःची मारुती चालवत कार्यालयात जात असे. त्या एप्रिलमध्ये आंबेडकर नगर ते मूलचंद या ५.८ किलोमीटरच्या रस्त्यावर बीआरटी सुरू झाली. रस्त्याच्या मधोमध बससाठी राखीव मार्गिका, तिच्या डावीकडे मोटारी आणि दुचाक्या, आणि सगळ्यात डावीकडे सायकलींसाठी वेगळा ट्रॅक आणि पदपथ. चिराग दिल्लीच्या चौकात मी पहिल्याच आठवड्यात असा अडकलो की इंजिन बंद करून बसावं लागलं. बाजूची बसमार्गिका रिकामी दिसत होती, पलीकडचा सायकल ट्रॅकही रिकामा दिसत होता. ‘दिसत होता’ हे शब्द लक्षात ठेवा, त्यांच्याकडे परत येणार आहे.

त्या रात्री मी एका इंग्रजी दैनिकाला पत्र लिहिलं. नोकरीत असल्यामुळे हुद्दा घातला नाही, नुसतं नाव आणि ‘दक्षिण दिल्ली’. विदेशी कल्पना आपल्याकडे आणून लादणारे तज्ज्ञ, मूठभर सायकलवाल्यांसाठी हजारोंना वेठीला धरणं, वगैरे. पत्र छापून आलं. मी कात्रण कापून टेबलाच्या काचेखाली ठेवलं. माणसाला आपलं नाव छापलेलं पाहायला आवडतं, कर्नल असला तरी.

आमच्या कार्यालयात एक दफ्तरी होता. फायली बांधणं, नेणं-आणणं, डाकेची वही सांभाळणं ही त्याची कामं. फायली ठेवताना त्यानं कात्रण पाहिलं, माझं नाव ओळखलं आणि कौतुकानं विचारलं, ‘साहब, क्या लिखा है?’ मी सांगितलं. तो जरा थांबला. मग म्हणाला, ‘साहब, मैं तो उसी पर आता हूँ।’

एवढंच. तक्रार नाही, वाद नाही. फायली उचलून गेला. चार वर्षं तो माझ्या हाताखाली होता आणि तो खानपूरकडून सायकलनं येतो, हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या तुकडीतला जवान असता तर त्याच्या गावची नदीसुद्धा मला माहीत असती.

आता इतिहासाकडे वळू, म्हणजे माझं पत्र कोणत्या परंपरेत बसत होतं ते कळेल.

आज सायकल ट्रॅकला ‘मोटारीच्या रस्त्यावर अतिक्रमण’ म्हणतात. पण चांगल्या रस्त्यांची मागणी मोठ्या आवाजात पहिल्यांदा केली ती सायकलवाल्यांनी. अमेरिकेत १८८० मध्ये ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ ही संघटना स्थापन झाली, तिनं चांगल्या रस्त्यांसाठी चळवळ उभी केली, त्यासाठी मासिक काढलं. तेव्हा मोटारी बाजारात यायच्या होत्या. सायकल ही त्या काळी पैसेवाल्यांची चैन होती आणि वर्तमानपत्रं तिच्याविषयी बोलायची तेही तशाच सुरात. आपल्याकडे मुंबईत पारशी तरुणांनी सायकलचं वेड घेतलं. १९२३ मध्ये मुंबईहून निघून अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा सायकलवर जगप्रदक्षिणा करून १९२८ मध्ये परतले. सायकल साहसाची होती तोवर तिला मान होता. ती कामगाराची झाली, तसा तिचा मान गेला.

वेगळ्या सायकल मार्गावरून पहिला मोठा वाद झाला तो इंग्लंडात, आणि त्यात एक गंमत आहे. डिसेंबर १९३४ मध्ये लंडनच्या पश्चिमेला वेस्टर्न अॅव्हेन्यू या रस्त्यावर पहिला सायकल ट्रॅक उघडला गेला. उद्घाटक होते वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलिशा. लष्करी इतिहास वाचणाऱ्यांना हे नाव ठाऊक असेल, कारण महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटनचे युद्धमंत्री हेच होते. तर या ट्रॅकला विरोध कोणी केला असेल? सायकलवाल्यांच्याच संघटनेनं. त्यांचं म्हणणं असं, की आज आम्हाला चार किलोमीटरची पट्टी द्याल आणि उद्या उरलेल्या सगळ्या रस्त्यांवरून हाकलाल. मोटारी माणसं मारतात, तर मोटारींना आवरा, आम्हाला बाजूला का करता? मला हा युक्तिवाद पूर्ण पटत नाही, पण त्यातली भीती अगदीच खोटी नव्हती. पुढे कलकत्त्यात काय झालं ते सांगेन तेव्हा पाहा.

हॉलंडचं उदाहरण सगळे देतात. तिथले लोक जन्मतःच सायकलवर बसतात, त्यांची संस्कृतीच तशी, आपलं तसं नाही, असं आपण ऐकतो. माझ्या पत्रातही हे वाक्य होतं. खरी हकिकत वेगळी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर हॉलंडात पैसा आला, मोटारी आल्या, आणि इतर देशांसारखंच तिथेही रस्ते रुंद करायला घरं पाडली गेली, चौकांचे वाहनतळ झाले. १९७१ या एका वर्षात त्या चिमुकल्या देशात सुमारे ३,३०० माणसं रस्त्यावर मेली आणि त्यांत ४०० हून अधिक मुलं होती. लढाईत एवढी हानी झाली असती तर चौकशी समिती बसली असती. रस्त्यावर झाली म्हणून ती आतल्या पानांवर दोन-दोन ओळींत विखुरलेली राहिली.

त्या दोन ओळींच्या बातम्यांत एका पत्रकाराची मुलगी होती. फिक लांगेनहोफ हे ‘दे टाइड’ या दैनिकात काम करत. त्यांची सहा वर्षांची मुलगी सायकलनं शाळेत जाताना मोटारीखाली गेली. १९७२ मध्ये त्यांनी आपल्या दैनिकात लेख लिहिला आणि त्याला मथळा दिला, ‘बालहत्या थांबवा’. अपघात हा शब्दच त्यांनी बाजूला ठेवला. त्या मथळ्याच्या नावानं पालकांची संघटना उभी राहिली. तिच्या पहिल्या अध्यक्ष मार्टिए फान पुटेन तेव्हा तरुण आई होत्या, पुढे त्या युरोपीय संसदेत निवडून गेल्या. लोक सायकली घेऊन रस्त्यावर आडवे पडू लागले. पंतप्रधान योप देन आउल यांच्या घरासमोर जाऊन मंडळींनी गाणी म्हटली, आणि ते बाहेर येऊन ऐकत उभे राहिले.

त्याच सुमारास डच दूरचित्रवाणीवर अॅमस्टरडॅमच्या ‘द पाइप’ या दाटीवाटीच्या वस्तीतल्या शाळकरी मुलांवर एक माहितीपट झाला. मुलं खेळायला जागा मागतात, स्वतः अडथळे लावून गल्ली बंद करतात. मग एक मोटारवाला येतो, उतरतो आणि संतापून अडथळे हटवू लागतो. हे दृश्य आजही पाहायला मिळतं. त्यात मोटारवाल्याच्या चेहऱ्यावर जो भाव आहे, तो मी चिराग दिल्लीला आरशात पाहिला असता तर ओळखला असता. कॅमेरा मात्र तिथे मुलांच्या बाजूला उभा होता. कॅमेरा कुठल्या बाजूला उभा राहतो, याला माझ्या मते पुढच्या सगळ्या इतिहासात मोठं महत्त्व आहे.

सगळं गोडीगुलाबीनं झालं असं समजू नका. १९७३ च्या तेलसंकटात नोव्हेंबरपासून रविवारी मोटारी बंद ठेवल्या गेल्या आणि लोकांना रिकामा रस्ता कसा असतो ते पुन्हा दिसलं, ही मदत झाली. पण त्यानंतर केंद्र सरकारनं द हेग आणि टिलबर्ग या शहरांत नमुन्यादाखल सायकल मार्ग बांधायला घेतले, तेव्हा द हेगच्या दुकानदारांनी जोरदार विरोध केला. गिऱ्हाईक मोटारीनं येतं, मोटार थांबली नाही तर आम्ही बुडालो, हा तोच युक्तिवाद पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर, इंदूरमध्ये, कुठेही ऐकायला मिळतो. फरक एवढाच की तिथे तोवर मेलेल्या मुलांचे चेहरे लोकांसमोर आले होते. दुकानदाराची बाजू खरीच होती, पण ती एकटी उरली नव्हती. पुढच्या चार दशकांत मुलांच्या मृत्यूचा तो चारशेचा आकडा दोन आकड्यांत, तेही खालच्या, आला. हेगच्या त्या मार्गाची भांडणं आज कोणाला आठवतही नाहीत.

आता आपल्या घरी येऊ. माझं लहानपण पुण्याजवळ खडकीत गेलं. वडील दारूगोळा कारखान्यात होते. संध्याकाळी भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा, रस्ता या कडेपासून त्या कडेपर्यंत भरायचा, आणि एखादी मोटार आलीच तर ती निमूट मागून यायची. सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा. संध्याकाळी दिवा नसला किंवा डबलसीट सापडलात की पोलीस चाकातली हवा सोडायचा. आम्हाला त्याचा राग यायचा, पण आज वाटतं, पोलीस हवा सोडत होता म्हणजे त्याच्या लेखी सायकल हे वाहन तरी होतं. पुण्याला सायकलींचं शहर म्हणत ते उगाच नव्हे. मग स्कूटर आल्या, बजाजसाठी वर्षानुवर्षं नंबर लावले गेले, आणि ज्याच्याकडे स्कूटर आली त्यानं सायकल अडगळीत टाकली. माझ्या वडिलांनीही टाकली. यात दोष देण्यासारखं काही नाही. रोज वीस किलोमीटर पायडल मारणाऱ्याला इंजिन हवंसं वाटणारच.

पण सगळ्यांकडे इंजिन आलं नाही. २०११ च्या जनगणनेत लोक कामावर कसे जातात हे विचारलं गेलं. शेती सोडून इतर काम करणाऱ्यांमध्ये सुमारे १३ टक्के लोक सायकलनं जात होते. मोटार, जीप, व्हॅन मिळून तीन टक्क्यांनाही पोचत नव्हते. पायी जाणारे २२ टक्क्यांवर. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा दोनदा तपासले. ‘मूठभर सायकलवाले’ असं मी लिहिलं होतं. मूठभर मीच होतो.

मग मला सायकल ट्रॅक रिकामा का दिसला? एक तर मी साडेनऊला निघायचो. दफ्तरी, गवंडी, रखवालदार, दुकानांतले हमाल, घरकामाच्या बायकांचे नवरे हे सगळे त्याच्या आधी दोन तास जाऊन पोचलेले असत. दुसरं म्हणजे चालती सायकल जागा कमी घेते आणि थांबत नाही. शंभर मोटारींची रांग अर्धा किलोमीटर होते आणि ती तुमच्यासमोर उभीच असते. सायकली येतात आणि जातात. जो अडकून पडतो त्याचीच गर्दी दिसते. टेहळणी करताना हे आम्हाला शिकवलं जातं: उभ्या गाड्या मोजून शत्रूचं बळ ठरवू नका.

टीव्हीच्या वाहिन्यांनी नेमकं तेच केलं. त्या उन्हाळ्यात रोज सकाळी चिराग दिल्लीला कॅमेरे उभे असत. प्रतिनिधी मोटारीच्या खिडकीत माईक धरून विचारायचे, किती वेळ अडकलात? उत्तर ठरलेलं. मी पाहिलेल्या बातम्यांत बसमधल्या बाईला कोणी विचारलं नाही की आज किती मिनिटं वाचली, आणि सायकलवाल्याला तर थांबवायचं कसं, तो जात होता ना! वाहिनीचा संपादक मोटारीनं येत होता, प्रतिनिधी मोटारीनं, जाहिरात मोटारीची, आणि पत्रलेखकही मोटारीतलाच. कोणी कट केला नव्हता. सगळे एकाच खिडकीतून बघत होते.

न्यायानं सांगायचं तर त्या रस्त्याच्या आखणीत खरे दोष होते. बसथांबे रस्त्याच्या मधोमध, त्यामुळे प्रवाशांना दर वेळी मोटारी ओलांडून जावं लागे. सिग्नल फार लांब. सायकल ट्रॅकवर मोटरसायकली घुसत, त्यांना रोखायला उभे केलेले मार्शल बिचारे शिट्ट्या फुंकत राहत. आणि सगळ्यात मोठं म्हणजे मूळ योजना दिल्ली गेटपर्यंतची, साडेचौदा किलोमीटरची, प्रत्यक्षात झाला तो ५.८ किलोमीटरचा तुकडा. मूलचंदला पोचला की सायकलवाला पुन्हा मोटारींच्या घोळक्यात. पुढेमागे आधार नसलेली चौकी फार दिवस टिकत नाही. आयआयटी दिल्लीचे दिनेश मोहन आणि गीतम तिवारी, ज्यांच्या अभ्यासातून ही कल्पना आली, त्यांना तेव्हा वर्तमानपत्रांतून खूप बोलणी खावी लागली. त्यांत माझं पत्रही होतं.

२०१२ मध्ये प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. एका स्वयंसेवी संस्थेनं याचिका केली की राखीव मार्गिका रद्द करा, लोकांचा वेळ आणि इंधन वाया जातं. न्यायालयानं केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेकडून पाहणी करवली आणि तिचा कल बीआरटीच्या विरोधात गेला. सगळ्यांना वाटलं, संपलं. पण ऑक्टोबर २०१२ मध्ये न्यायमूर्ती प्रदीप नंद्राजोग आणि मनमोहन सिंग यांच्या खंडपीठानं याचिका फेटाळली. (हे मनमोहन सिंग वेगळे.) त्यांनी धरलेला धागा साधा होता. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात म्हटलं आहे की रस्ता वाहनांसाठी नसून माणसं नेण्यासाठी आहे. मग मोजायची ती माणसं. त्या रस्त्यावर बसगाड्या एकूण वाहनांच्या दोन-तीन टक्केच होत्या, पण निम्म्याहून अधिक माणसं त्यांत बसलेली होती. लोकांचा वेळ म्हणताना कोणत्या लोकांचा, हा प्रश्न पहिल्यांदा कोणीतरी कागदावर आणला होता.

तो निकाल मी संपूर्ण वाचला. तोवर माझी निवृत्ती जवळ आली होती आणि वाचायला वेळ होता. काचेखालचं कात्रण त्या दिवशी काढलं.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, पर्यावरणतज्ज्ञ सुनीता नारायण पहाटे सायकलनं लोधी गार्डनकडे निघाल्या असताना एम्सजवळ एका भरधाव मोटारीनं त्यांना उडवलं. हाडं मोडली, शस्त्रक्रिया झाली. ती बातमी पहिल्या पानावर आली. त्यांनी स्वतःच नंतर लिहिलं की आपल्याला वाचवणारे लोक भेटले, पण अशा अनेकांना ते भेटत नाहीत. ज्या दिवशी त्यांना धडक बसली, त्या दिवशी देशात इतर किती सायकलवाले पडले याची बातमी मी शोधली. नव्हती.

आणि कोर्टानं वाचवलेली मार्गिका? ती राजकारणानं काढली. शीला दीक्षित सरकार २०१३ मध्ये गेलं. जुलै २०१५ मध्ये नव्या सरकारनं बीआरटी मोडण्याचा निर्णय घेतला आणि जानेवारी २०१६ मध्ये पाडकाम सुरू झालं. त्याच महिन्यात दिल्लीत मोटारी कमी करण्यासाठी सम-विषम क्रमांकाचा प्रयोग झाला होता! एका हातानं मोटारी रोखायच्या आणि दुसऱ्या हातानं त्यांना जागा करून द्यायची. पाडकामाच्या बातम्यांत सुटकेचा सूर होता.

इंग्लंडच्या सायकलवाल्यांची भीती आठवते? कलकत्त्यात ती खरी झाली, आणि तीही ट्रॅक वगैरे न देता. २००८ मध्ये तिथल्या पोलिसांनी ३८ रस्त्यांवर सायकलबंदी केली, २०१३ मध्ये ती १७४ रस्त्यांपर्यंत नेली. कारण काय, तर सायकलींमुळे वाहतूक मंदावते. दूधवाला, पेपरवाला, मासेवाला यांनी आंदोलनं केली, मग यादी ६२ रस्त्यांवर आली. जो पेपर सायकलवरून घरोघर पोचतो, त्याच्या पहिल्या पानावर ही बातमी कितीदा आली असेल?

मग २०२० आलं. टाळेबंदीत हजारो मजूर सायकली घेऊन गावांकडे निघाले. गुरुग्रामहून जखमी वडिलांना मागे बसवून दरभंग्यापर्यंत जवळजवळ १,२०० किलोमीटर सायकल मारणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलीचं सगळ्या वाहिन्यांनी कौतुक केलं. कौतुक योग्यच होतं. पण पाहा, सायकलवाला आपल्या बातम्यांत दोनदाच येतो: पराक्रम केला तर, नाहीतर वाट अडवली तर. रोज सकाळी कामावर वेळेत पोचला, ही त्याची खरी गोष्ट कुठल्याच रकान्यात बसत नाही. त्याच वर्षी ३ जूनला, संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या जागतिक सायकल दिनाच्याच दिवशी, अॅटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. ही बातमी मात्र सगळ्यांनी दिली, कारण योगायोग चांगला होता.

दफ्तरीबद्दल सांगायचं राहिलं. निवृत्तीनंतर दिवाळीला त्याचा फोन येतो. २०१६ च्या दिवाळीत मी मुद्दाम विचारलं, आता ट्रॅक नाही, कसा जातोस? म्हणाला, ‘पाँच बजे निकल जाता हूँ साहब, तब गाड़ियाँ नहीं होतीं।’ कार्यालय नऊला उघडतं. मधले तीन तास काय करतोस, असं विचारल्यावर म्हणाला, फाटकाजवळ चहाची टपरी आहे, तिथे बसतो, पेपर वाचतो.